हवाई बंदुकीचा लहान छर्रा

हवेच्या दाबावर चालणारी बंदूक आज बहुतेकांस क्रीडेचे साधन म्हणूनच ठाऊक असते. परंतु १७८० च्या सुमारास ऑस्ट्रियाच्या सैन्याने गिरांदोनी याची हवाई बंदूक स्वीकारली, ती शत्रूला लोळविण्यासाठी. साहजिकच तिची गोळी ११ मिलिमीटरहून जाड होती. दस्त्यातील टाकीत हवा भरण्यास पंप हजाराहून अधिक वेळा मारावा लागे, आणि एवढे करूनही टाकीचे सांधे गळत. दारूच्या बंदुकीपुढे हा खटाटोप टिकला नाही, यात नवल ते काय?

पुढे ही बंदूक नेमबाजाच्या हाती आली आणि प्रश्नच पालटला. कागदाला लोळवावयाचे नसते; केवळ भेदावयाचे असते. हवेचा जोर मर्यादित. तेवढ्याच जोराने हलका छर्रा जड छर्ऱ्याहून वेगाने सुटतो व वाटेत कमी खाली येतो. म्हणून ४.५ मिलिमीटरचे माप रूढ झाले. छर्ऱ्याचे तोंड चपटे असले की कागदाला स्वच्छ गोल भोक पडते, हीही एक सोय. कागदी लक्ष्यावर भोकाची कड वर्तुळरेषेला शिवली तरी वरचा गुण मिळे. जाड छर्रा वापरणाऱ्यास मग आयताच लाभ झाला असता! सर्वांना एकच माप, हा दंडक त्यामुळे न्याय्य वाटतो.

१९८४ मध्ये लॉस एंजलिस येथे ही स्पर्धा ऑलिंपिकमध्ये आली. १० मीटरवरील लक्ष्याचा मध्यबिंदू अवघा ०.५ मिलिमीटरचा, म्हणजे छर्ऱ्याच्या व्यासाचा नववा हिस्सा. याच प्रकारात २००८ मध्ये बीजिंग येथे अभिनव बिंद्रा यांनी भारताला ऑलिंपिकमधील पहिले वैयक्तिक सुवर्णपदक मिळवून दिले.