स्वस्त फळीची कड

लाकडाच्या इतिहासात आज आपण गरिबाघरच्या फळीकडे वळू: हार्डबोर्ड, पार्टिकल बोर्ड, एमडीएफ. सागाच्या फळीला रंग दिला नाही तरी ती वर्षानुवर्षं टिकते. या फळ्यांचं तसं नाही. कारखाना त्या स्वस्त देतो, पण शेवटचं काम घरच्यांवर सोडतो. हे काम घरी कसं आलं, तेवढंच आज पाहू.

सुरुवात 1924 साली अमेरिकेत, मिसिसिपी राज्यातल्या लॉरेल गावी. करवतीच्या गिरणीत वाया जाणाऱ्या लाकडाचं काय करायचं, हा विल्यम मेसनपुढचा प्रश्न होता. एके काळी एडिसनबरोबर काम केलेला हा माणूस. त्यानं ढलप्या बंद भांड्यात वाफेच्या प्रचंड दाबाखाली ठेवल्या आणि दाब एकदम सोडला. ढलप्या फुटून त्यांचे तंतू झाले. ते गरम दाबयंत्रात दाबल्यावर लाकडातल्याच लिग्निननं एकमेकांना धरले. एक बाजू गुळगुळीत, दुसरीवर जाळीचा ठसा. हा हार्डबोर्ड.

आता ब्रिटनमध्ये येऊ. महायुद्ध संपलं तरी लाकडाची टंचाई होती, आणि कारागीर लावणं अनेकांना परवडत नव्हतं. मग लोकांनी स्वतःच हत्यारं हातात घेतली. बीबीसीवर बॅरी बकनेल ही कामं करून दाखवू लागले. 1962 मध्ये तर लंडनच्या ईलिंग भागातलं एक जुनं घर त्यांनी प्रेक्षकांसमोर दुरुस्त केलं. त्या काळातलं एक नेहमीचं काम म्हणजे जुन्या नक्षीदार दारांवर हार्डबोर्ड ठोकून वर चकचकीत ऑइलपेंट मारणं. खोबणीत धूळ साचायची, ती कटकट गेली.

पण हे दिसतं तितकं सोपं नव्हतं. फळी आधी जाळीच्या बाजूनं पाण्यानं ओलवून दिवसभर ठेवायची, मग ठोकायची. वाळताना ती आक्रसते आणि ताणून बसते. हे न करता ठोकलेली फळी दमट हवेत फुगून पोक काढते. पुढच्या पिढीनं ते हार्डबोर्ड उखडले, तेव्हा खाली जुनी दारं अनेकदा शाबूत निघाली, ही गंमतच!

दुसरा धागा जर्मनीतला. तिथे 1930 च्या दशकात माक्स हिमेलहेबर यांनी लाकडाच्या ढलप्या डिंकानं चिकटवून पार्टिकल बोर्ड घडवला. 1960 च्या दशकात अमेरिकेत एमडीएफचं उत्पादन सुरू झालं. इथे लिग्निनवर भिस्त नाही; बाहेरून डिंक घालावा लागतो. वर्षानुवर्षं तो मुख्यतः युरिया-फॉर्मल्डिहाइडचा होता. त्यातून फॉर्मल्डिहाइड वायू हळूहळू हवेत सुटत राहतो. 2004 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं तो माणसात कर्करोग घडवणारा ठरवला.

म्हणून कडेकडे पाहायचं. या फळीचा चेहरा घट्ट दाबलेला असतो, कापलेली कड मात्र स्पंजासारखी मोकळी. पाणी तिथूनच शिरतं, वायूही तिथूनच जास्त सुटतो. रंगाचा पहिला हात कड पिऊन टाकते. त्यामुळे आधी कडेला लांबी किंवा सीलर, मग पॉलिश पेपर, मग अस्तराचा हात, आणि शेवटी रंग. पार्टिकल बोर्डावर पहिला हात पाण्याच्या रंगाचा दिला, तर ढलप्या फुगून वर येतात. तिथे तेलाचं अस्तर बरं.

आपल्याकडे पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये दर्शनी बाजूला सनमायका लागतो, पण सिंकखालची कड कोरीच राहते. पहिली फुगते तीच. फळीच्या किमतीत हे काम धरलेलं नसतं; ते कुणीतरी करायचं असतं, आणि ते कुणी केलं नाही तर त्याची किंमत घरातल्यांनी मोजायची असते. तेव्हा नवं कपाट घेताना दार उघडून आतली कड बघा.

प्रश्न असतील तर आता घेऊ.