छोट्या कुत्र्याला उलट्या-जुलाब: साधं अपचन की जिवावरचं दुखणं? असं ओळखा

कुत्रं पाळलं की उलटी-जुलाब पाहावे लागतातच. घाईघाईत खाल्लं की उलटी, कचऱ्यातलं काही चघळलं की जुलाब. बहुतेक वेळा दिवसभरात सगळं ठीक होतं. म्हणूनच अनेक घरांत "उद्यापर्यंत बघू" असं म्हटलं जातं.

लॅब्राडोरसारख्या मोठ्या कुत्र्याच्या बाबतीत असं थांबणं एखाद वेळी चालून जातं. पण पॉमेरेनियन, शिह त्झू, चिवावा, पग किंवा डॅशहंड यांच्या बाबतीत, आणि कोणत्याही जातीच्या लहान पिल्लाच्या बाबतीत, हाच "उद्या" महागात पडू शकतो. का, ते आधी समजून घेऊया.

छोट्या कुत्र्यांना धोका जास्त का?

साधा हिशोब आहे. समजा, उलट्या-जुलाबांतून 300 मिलीलीटर पाणी शरीराबाहेर गेलं. म्हणजे साधारण दीड पेला. 30 किलोच्या लॅब्राडोरसाठी हे वजनाच्या फक्त 1 टक्का आहे. पण 3 किलोच्या पॉमेरेनियनसाठी तेच 10 टक्के होतं, आणि एवढं पाणी कमी होणं म्हणजे गंभीर अवस्था. रक्तदाब पडू लागतो आणि मूत्रपिंडांवर ताण येतो.

दुसरं कारण साखरेचं. छोट्या जातींच्या पिल्लांच्या शरीरात साखरेचा साठा फारच थोडा असतो. काही तास पोटात अन्न टिकलं नाही, तर रक्तातली साखर घसरते. पिल्लू लटपटतं, थरथरतं, सुस्त पडतं. काही वेळा झटकेही येतात.

म्हणून छोट्या कुत्र्याच्या आजाराचा विचार दिवसांत नाही, तासांत करायचा.

घरच्या घरी काय तपासाल?

एकच लक्षण बघून अंदाज बांधू नका. कुत्र्याचा एकूण नूर बघा. एक उलटी झाली, पण नंतर ते शेपटी हलवतंय, पाणी पितंय, खायला मागतंय, तर लक्ष ठेवून थांबायला हरकत नाही. फक्त एकच उलटी झाली, पण कुत्रं कोपऱ्यात जाऊन पडलंय, हाक मारली तरी मान वर करत नाही, तर थांबू नका.

हिरड्या: वरचा ओठ उचलून बघा. निरोगी हिरड्या गुलाबी आणि ओल्या असतात. बोट लावल्यावर त्या कोरड्या, चिकट लागल्या तर शरीरातलं पाणी कमी झालंय. पांढुरक्या, निळसर किंवा विटेसारख्या लाल दिसल्या तर ताबडतोब दवाखाना गाठा. काही कुत्र्यांच्या हिरड्या मुळातच काळ्या असतात, तेव्हा पापणीची आतली बाजू बघा.

दाबून बघा: हिरडीवर बोट दाबून सोडा. पांढरा झालेला भाग 2 सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवा. वेळ लागत असेल तर रक्ताभिसरण मंदावलंय.

ताप: कुत्र्याचं शरीर आपल्यापेक्षा गरम असतं. गुदद्वारातून मोजल्यावर 101 ते 102.5 अंश फॅरनहाइट हे तापमान सामान्य. नाक गरम की थंड यावरून ताप कळत नाही. आजारी कुत्र्याचं तापमान 99 च्या खाली जाणं हे तापापेक्षाही वाईट लक्षण असू शकतं.

लघवी: शेवटची कधी केली ते आठवा. बराच वेळ केली नसेल किंवा अगदी थोडी, गडद पिवळी होत असेल तर पाणी कमी पडतंय.

उलटी-जुलाबामागचे चार मोठे आजार

*1. पार्व्हो*

हा विषाणू 1978 च्या सुमारास जगभर पसरला आणि आजही पिल्लांचा मोठा शत्रू आहे. 6 आठवडे ते 6 महिने वयाच्या पिल्लांना सर्वाधिक धोका असतो. आधी पिल्लू सुस्त होतं, खाणं सोडतं, मग उलट्या सुरू होतात आणि त्यानंतर अतिशय दुर्गंधी येणारे, बऱ्याचदा रक्ताचे जुलाब. विषाणू आतड्याचं अस्तर तर खरवडतोच, शिवाय रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीही घटवतो.

उपचार मिळाले नाहीत तर बहुतेक पिल्लं दगावतात. वेळेत सलाईन आणि औषधं सुरू झाली तर बहुतेक वाचतात. शी तपासून काही मिनिटांत निदान करणारे किट अनेक दवाखान्यांत असतात.

इथे एक गैरसमज घात करतो: "एक इंजेक्शन झालंय, आता काळजी नाही." आईच्या दुधातून मिळालेली प्रतिकारशक्ती सुरुवातीच्या लसीचा परिणाम अडवू शकते. म्हणून 6 ते 8 आठवड्यांपासून सुरू करून किमान 16 आठवड्यांचं होईपर्यंत डोस पूर्ण करावे लागतात. हा आजार माणसांना होत नाही, पण विषाणू चप्पल-बुटांवरून घरात येऊ शकतो आणि महिनोन्महिने टिकतो.

*2. अचानक होणारे रक्ताचे जुलाब*

हा आजार छोट्या जातींच्या मोठ्या कुत्र्यांमध्ये जास्त दिसतो. सकाळी खेळणारं कुत्रं दुपारी उलट्या करतं आणि संध्याकाळपर्यंत जॅमसारखी लालभडक, घट्टसर शी करतं. आतड्यात पाणी इतक्या वेगाने झिरपतं की रक्त दाट होतं. वरून कुत्रं फारसं सुकलेलं दिसत नाही, म्हणून मालक फसतात. लसीकरण पूर्ण असूनही हे होऊ शकतं. लगेच सलाईन लागलं तर बहुतेक कुत्री दोन-तीन दिवसांत सावरतात.

*3. स्वादुपिंडाची सूज*

दिवाळीचा फराळ, रविवारच्या मटणाची चरबी, तूप लावलेली पोळी. प्रेमाने दिलेला असा तेलकट-तुपकट घास स्वादुपिंडाला सूज आणू शकतो. कुत्रं वारंवार उलट्या करतं, पाठ बाकदार करून उभं राहतं, पोटाला हात लावू देत नाही. काही कुत्री पुढचे पाय आणि छाती जमिनीला टेकवून मागचा भाग वर ठेवतात. हा आळस देणं नाही. पुन्हा पुन्हा तसंच करत असेल तर ती पोटदुखी समजा.

*4. आतड्यात काहीतरी अडकणं*

आंब्याची कोय, मक्याचं कणीस, मटणाचं हाड, मोजा, सुई-दोरा, खेळण्याचा तुकडा. छोट्या कुत्र्याचं आतडंही अरुंद असतं. प्यायलेलं पाणीही उलटून पडतंय, शी होत नाही किंवा कुंथूनही थोडीच होतेय, पोट घट्ट लागतंय, तर एक्स-रे किंवा सोनोग्राफी करावीच लागते. तोंडातून किंवा गुदद्वारातून दोरा बाहेर आलेला दिसला तर तो ओढू नका. आतडं कापलं जाऊ शकतं.

यातलं एकही दिसलं तर रात्र असली तरी निघा

- काही तासांत तीन-चार उलट्या, किंवा पाणीही पोटात न टिकणं
- उलटीत किंवा शीमध्ये रक्त, किंवा डांबरासारखी काळी शी
- पोट फुगलंय, कुत्रं ओकाऱ्या काढतंय, पण बाहेर काहीच येत नाही
- हिरड्या पांढुरक्या, उभं राहता न येणं, थरथर किंवा झटके
- लस पूर्ण न झालेलं पिल्लू, ज्याने खाणं सोडून उलट्या सुरू केल्या आहेत
- चॉकलेट, द्राक्षं, मनुका, उंदराचं औषध किंवा माणसांच्या गोळ्या खाल्ल्याची शंका

घरी काय करू नये?

माणसांची औषधं देऊ नका. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक अशा वेदनाशामकांनी कुत्र्याच्या पोटात अल्सर होतो, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. जुलाब थांबवायची गोळीही स्वतःच्या मनाने देऊ नका.

मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका. सारख्या उलट्या होत असताना सिरिंजने पाणी किंवा ओआरएस जबरदस्तीने पाजू नका. ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. मोठ्या कुत्र्यासाठी सांगितलेला 24 तासांचा उपास लहान पिल्लाला कधीच घडवू नका.

पिल्लू लटपटत असेल तर बोटाला थोडा मध किंवा साखरेचं पाणी लावून हिरड्यांना चोळा आणि लगेच निघा. हा उपचार नाही, दवाखान्यापर्यंतची सोय आहे.

डॉक्टरांना काय सांगाल?

पहिली उलटी कधी झाली, आतापर्यंत किती झाल्या, रंग कोणता, शेवटचं काय खाल्लं, शेवटची लघवी कधी केली. उलटी आणि शीचा फोटो काढा. लाज वाटू देऊ नका, डॉक्टरांना त्याचा खरंच उपयोग होतो. स्वच्छ डबीत शीचा नमुना, लसीकरण कार्ड आणि काही विषारी खाल्लं असेल तर त्याचं वेष्टन सोबत घ्या. पार्व्होची शंका असेल तर आधी फोन करून सांगा, म्हणजे बाकीची कुत्री बसलेल्या जागेत पिल्लाला ठेवावं लागणार नाही.

एक काम मात्र आजच करता येईल. तुमच्या भागात रात्री उघडा असणारा जनावरांचा दवाखाना कोणता, याची चौकशी करून नंबर मोबाइलमध्ये सेव्ह करा आणि घरातल्या सगळ्यांना पाठवा. रात्री दोन वाजता कुत्रं रक्ताची शी करू लागलं, तर शोधाशोधीत जाणारा एक तासही त्याच्यासाठी मोठा असतो.