क्रेफर्डचा टाकून दिलेला दगड

लंडनच्या आग्नेय टोकाला, बेक्स्ली बरोमध्ये क्रेफर्ड आहे. तुमच्यापैकी काहीजण रोज तिथून ये-जा करत असतील. आजची गोष्ट तिथल्या एका खाणीतली.

अश्मयुगातला माणूस चकमकीच्या दगडावर दुसऱ्या दगडाचा घाव घालायचा. जी धारदार कपची सुटते तिला पुरातत्त्वात छिलका म्हणतात, आणि मागे उरतो तो गाभा. छिलक्यानं मांस कापायचं, कातडं खरवडायचं. गाभा झिजून लहान झाला, नीट घाव बसेना, की जागच्या जागी टाकून द्यायचा. सुपारी संपत आली की अडकित्त्यात धरवत नाही, तसंच.

एकोणिसाव्या शतकातल्या हौशी संग्राहकांनाही गाभ्याची किंमत नव्हती. त्यांना हव्या असत देखण्या हातकुऱ्हाडी. खाणीतले मजूर त्या वेचून विकत. कपच्यांना कोण पैसे देणार? अशानं किती जागा कायमच्या मुक्या झाल्या असतील, त्याची गणतीच नाही.

फ्लॅक्समन स्परेल हा माणूस वेगळा निघाला. क्रेफर्डच्या खाणीत, एका जुन्या खडूच्या कड्याच्या पायथ्याशी, त्याला छिलक्यांचा थर पसरलेला दिसला. वर लोकरी गेंड्याचा जबडा पडलेला. त्यानं चांगले चांगले तुकडे निवडले नाहीत, सगळेच गोळा केले. मग घरी बसून तो ते एकमेकांना जुळवत गेला. छिलके पुन्हा आपापल्या जागी बसले आणि फुटण्याआधीचा दगड हातात उभा राहिला. हा शोध त्यानं १८८० साली प्रसिद्ध केला. तो स्वतः दगड फोडायलाही शिकला होता. त्याशिवाय हे डोळ्यांना दिसलं नसतं, असं मला वाटतं.

अशा जुळवणीतून काय कळतं? पहिला घाव कुठला, दुसरा कुठला, दगड कधी फिरवला, हे क्रमानं कळतं. क्रेफर्डची पद्धत आज लव्हाल्वा म्हणून ओळखली जाते. पॅरिसजवळच्या एका उपनगराचं ते नाव. हिच्यात आधी बारीक छिलके उडवून गाभ्याची एक बाजू फुगीर करायची, घाव घालायची कड तयार करायची, आणि मग मनात असलेल्या आकाराचा छिलका एका घावात काढायचा. म्हणजे आधीचे घाव पुढच्या एका घावासाठी. सुमारे दोन लाख वर्षांपूर्वीची ही माणसं निअँडरथल कुळातली. त्यांना अडाणी म्हणणाऱ्यांनी एकदा हा गाभा हातात घ्यावा.

पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला, फार नंतरच्या काळात, शेतकरी कॅल्सेडनीच्या गाभ्यावरून लांब पाती काढत. दगड वेगळा, माणसं वेगळी. पण गाभ्याला आधी घडवायचं आणि मगच पातं काढायचं, हे तिथंही आहेच.

स्परेलनं जुळवलेले दगड लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमकडे आहेत. खाण मात्र विटांच्या मातीसाठी होती. पंचनामा झाला तेवढा झाला, मजूर पुन्हा कामाला लागले, आणि त्या थराभोवतीची माती भाजून लोकांच्या घरांच्या भिंतींत गेली.