बत्तीस गिरक्यांची कुळकथा

‘स्वान लेक’ या बॅलेच्या तिसऱ्या अंकात ओदीलचं काम करणारी नर्तकी एका पायाच्या चवड्यावर चढते आणि लागोपाठ बत्तीस गिरक्या घेते. या गिरकीचं नाव फ्वेते, म्हणजे फ्रेंचमध्ये चाबूक ओढल्यासारखी. मोकळा पाय बाजूला सपकन उघडतो, दुमडून गुडघ्याशी येतो आणि त्या झटक्यावर अंग फिरतं. दर फेरीला टाच क्षणभर टेकते, गुडघा लवतो, की पुन्हा वर. सगळं कसब जागा न सोडण्यात आहे.

बॅले म्हटलं की आपल्याला रशिया आठवतो, पण ही गिरकी मूळची इटलीची. मिलानची पिएरिना लेन्यानी १८९३ साली सेंट पीटर्सबर्गला आली आणि ‘सिंड्रेला’त तिने बत्तीस गिरक्या घेऊन दाखवल्या. १८९५पासून त्या ‘स्वान लेक’ला चिकटल्या त्या कायमच्या. रशियन नर्तकींना मात्र त्या साधेनात. निकोलाय लेगात या नर्तकाने लेन्यानीवर नजर ठेवून त्यातलं मर्म हेरलं. ते मानेत होतं. समोरचा एक बिंदू डोळ्यांनी धरायचा. अंग वळलं तरी चेहरा तिथेच ठेवायचा आणि अगदी शेवटी मान गर्रकन फिरवून तोच बिंदू पुन्हा पकडायचा. मग भोवळ येत नाही, तोलही जात नाही. माटिल्डा क्षेसिन्स्काया ही बत्तीस गिरक्या पुऱ्या करणारी पहिली रशियन नर्तकी.

ही विद्या रशियाबाहेर गेली ती क्रांतीमुळे. क्षेसिन्स्कायाची पीटर्सबर्गची हवेली १९१७ साली बोल्शेविकांनी ताब्यात घेतली; तिच्याच सज्जातून लेनिनची भाषणं झाली. १९२०मध्ये तिने देश सोडला. झारच्या घराण्यातल्या ग्रँड ड्यूक आंद्रेईची बायको झालेली ही बाई १९२९ साली पॅरिसमध्ये पोटासाठी शिकवणी घेऊ लागली, तेव्हा तिचं वय छप्पन्न होतं. त्या वयात नव्याने उभं राहणाऱ्या या बाईबद्दल मला अपार आदर वाटतो. रशियातून आलेल्या कुटुंबातली तात्याना र्‍याबूशिन्स्का तिच्याकडे घडली. लंडनहून नर्तकी मार्गो फाँटेनही शिकायला येई. लेगातने आपला वर्ग लंडनलाच मांडला होता. स्वतः पियानो वाजवत तो शिकवायचा, १९३७मध्ये जाईपर्यंत.

क्षेसिन्स्काया नव्व्याण्णव वर्षं जगली. १९३६ साली, चौसष्टीला टेकलेली असताना, ती लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये अखेरचं नाचली.