गाभण जनावर आणि वहीत न दिसणारा तोटा

१/ दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानातील फौजेला मांस पुरवण्यासाठी जनावरांची कत्तल वाढली. ती अशीच चालली तर देशाचे पशुधन खालावेल, हे ओळखून सरकारने १९४४ मध्ये लष्करी अधिकाऱ्यांना सूचना दिल्या. तीन वर्षांखालील जनावरे, कामाचे बैल, दुभत्या गाई आणि गाभण गाई यांच्या कत्तलीस मनाई झाली.

२/ यामागे सरळ हिशेब होता. गाभण जनावर कापले की मांस एकदाच मिळते. परंतु पोटातील वासरू, येणाऱ्या वेताचे दूध आणि पुढील सारी वेते एका घावात संपतात. म्हैस दहा महिन्यांहून अधिक काळ गाभण असते आणि जन्मलेली पारडी स्वतः विण्यास आणखी काही वर्षे जातात. झालेली हानी म्हणूनच लवकर भरून निघत नाही.

३/ मुंबईत हीच हानी युद्धाविनाही होत होती. शहरातील तबेल्यांत गुजरात आणि उत्तरेकडून नुकत्याच व्यालेल्या, भरपूर दूध देणाऱ्या म्हशी आणल्या जात.

४/ म्हैस भाकड झाली की जागा, कडबा आणि पेंड यांचा खर्च तसाच राही, दूध मात्र थांबे. तिला पुन्हा गाभण करून महिनोन्‌महिने पोसण्यापेक्षा खाटकाला विकून नवी म्हैस आणणे स्वस्त पडे. पारडांच्या वाट्यालाही पुरेसे दूध येत नसे. अनेक उपासमारीने मरत.

५/ तबेलेवाल्याचा हिशेब त्याच्यापुरता बरोबर होता. तोटा त्याच्या वहीत नव्हे, तर म्हशी पैदा करणाऱ्या दूरच्या गावांत उमटत होता. शहराला उत्तम म्हैसच हवी असे. त्यामुळे जिच्यापासून वंश सुधारायचा, तीच एका वेतानंतर नाहीशी होई.

६/ १९४८ मध्ये मुंबई प्रांतात पशुसंरक्षणाचा कायदा झाला. १९४९ मध्ये आरे दुग्ध वसाहत उभी राहिली. दारा खुरोडी हे तिचे प्रमुख शिल्पकार. शहरातील म्हशी गोरेगावच्या मोकळ्या जागेत, हिरव्या वैरणीजवळ नेण्याचा तो प्रयत्न होता.

७/ कायदा सुरी रोखू शकतो. भाकड काळातील वैरणीचा खर्च तो भागवत नाही. तो खर्च कोणी सोसायचा, हे ठरल्याशिवाय गाभण जनावर वाचवण्याचा कोणताही नियम अपुराच राहतो. मुंबईच्या तबेल्यांचा इतिहास हेच सांगतो.