दिवाणखान्यातून हातात: जुन्या कन्सोलच्या रूपांतराची कुळकथा

टीव्हीला जोडून खेळायचा जुना गेम कन्सोल उघडावा, त्याला स्वतःचा पडदा आणि स्वतःची बॅटरी द्यावी आणि हातात धरून खेळता येईल अशा नव्या कवचात तो बसवावा, या छंदाचे मूळ शोधताना अभ्यासक साहजिकच कन्सोलांच्या इतिहासाकडे वळतात. परंतु या तंत्राचे खरे कूळ इतरांनी निराळ्याच कामासाठी बनवलेल्या पडद्यांत आणि सेलांत सापडते. कन्सोलचा सर्किट बोर्ड, म्हणजे ज्यावर चिपा बसवून त्या तांब्याच्या रेषांनी जोडलेल्या असतात तो पट, आरंभापासूनच फारसा अवजड नव्हता आणि त्याला एका जागी खिळवून ठेवले होते ते टीव्हीने आणि भिंतीतल्या प्लगने.

1977 साली अमेरिकेत विक्रीस आलेला अटारी 2600 हा कन्सोल या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. त्याच्याजवळ कामचलाऊ स्मृती अवघी 128 बाइट होती आणि संपूर्ण चित्र साठवण्याची सोयच नसल्याने, टीव्हीच्या नळीतील इलेक्ट्रॉनांचा झोत पडद्यावरून सरकत असतानाच त्याला चित्र ओळीओळीने रचावे लागे. तयार झालेला संकेत मॉड्युलेटर या भागात जाई, तेथे त्याला एखाद्या टीव्ही वाहिनीच्या प्रक्षेपणासारखे रूप मिळे आणि मग तो अँटेनाच्या खाचेतून टीव्हीत शिरे. विजेची व्यवस्था तर उधळीच होती. अडॅप्टरकडून येणारे 9 व्होल्ट 7805 नावाचा नियंत्रक 5 व्होल्टवर आणी आणि उरलेले 4 व्होल्ट निव्वळ उष्णता म्हणून सोडून देई; भिंतीतून वीज येत असताना याची फिकीर कोणी करण्याचे कारण नव्हते, पण सेलांवर चालणाऱ्या यंत्रात मात्र जवळपास निम्मी वीज अशी वाया घालवणे परवडणारे नव्हते.

घरचा कन्सोल हातात आणण्याचा प्रयत्न छांदिष्टांच्या आधी कंपन्यांनीच करून पाहिला होता. एनईसीने 1990 साली टर्बोएक्सप्रेस आणि सेगाने 1995 साली नोमॅड बाजारात आणला. दोन्हींत घरच्या कन्सोलचेच गेम घालता येत, दोन्हींचे पडदे रंगीत व मागून उजळणारे होते आणि दोन्ही सहा पेन्सिल सेल काही तासांत गिळून टाकत. निन्टेन्डोचा 1989चा गेम बॉय प्रकाशरहित, करड्या-हिरव्या पडद्यावर समाधान मानून चार सेलांत कितीतरी अधिक वेळ चालत असे, त्यामुळे बाजाराचा कौल कोणाकडे गेला हे वेगळे सांगायला नको.

छंदाची परंपरा म्हणून जी मोजायची ती 2000 सालापासून. त्या वर्षी विस्कॉन्सिन राज्यातील बेंजामिन हेकेंडॉर्न यांनी अटारी 2600 हातात मावेल असा करून दाखवला, आणि पुढे अशा कामाची कृती सविस्तर सांगणारे त्यांचे पुस्तकही 2005 साली प्रसिद्ध झाले. अशा रूपांतरात मॉड्युलेटर काढून टाकतात आणि चित्र रचणाऱ्या चिपेच्या पायांवरून उजेडाचे व रंगाचे वेगवेगळे संकेत उचलून, ते रोधकांतून एकत्र आणून थेट छोट्या पडद्याकडे नेतात. ज्या यंत्राची सारी घडण टीव्हीच्या झोताशी बांधलेली, तेच टीव्हीपासून तोडण्यासाठी आधी निवडले जावे, हा योगायोग मोठा गमतीचा आहे.

पडदा मिळवणे हीच खरी अडचण होती. आधी खिशातले टीव्ही फोडले गेले. नंतर सोनीने आपल्या पीएसवन या कन्सोलसाठी काढलेला पाच इंची पडदा हाती आला आणि काही वर्षे तो या कारागिरांचा जणू चलनी माल झाला. तो साडेसात व्होल्टवर चाले आणि लिथियम-आयनचे दोन सेल एकापुढे एक जोडले की 7.4 व्होल्ट मिळत, म्हणून पडदा व बॅटरी यांची जोडी विनासायास जमली. त्याच्या पाठीमागची फ्लुरोसंट नळी चेतवायला मात्र चढे व्होल्टेज लागे, तेव्हा ती उपटून तिच्या जागी एलईडी बसवण्याची रीत लवकरच रूढ झाली.

2006 साली आलेल्या निन्टेन्डो वी या कन्सोलने कामाची दिशाच पालटली. तोवर मूळ यंत्राला काही जोडण्यावर भर होता, आता बोर्ड कापण्यावर आला. याला छाटणी म्हणतात: प्रोसेसर, चित्रांची चिप आणि स्मृती यांच्याभोवतीचा भाग तेवढा राखून उरलेला बोर्ड करवतीने कापून टाकायचा. बोर्ड अनेक थरांचा असल्याने कापलेल्या कडेला आतल्या थरांचे तांबे उघडे पडते आणि एका थराचे दुसऱ्याला टेकले तर सगळेच बाद होते. म्हणून कड बारीक पॉलिश कागदाने घासून, भिंगाखाली तपासून मगच वीज दिली जाते. छाटणीत विजेचे मूळ नियंत्रकही जात असल्याने लागणारी निरनिराळी व्होल्टेज स्वतंत्रपणे पुरवावी लागतात, आणि तबकडीचा खण काढून टाकल्यामुळे गेम यूएसबी स्मृतीवरून चालवावे लागतात. अशा यंत्रात बोर्ड अगदी लहान उरतो, आणि कवचाची जाडी बहुधा बॅटरी, पंखा व अंगठ्याने फिरवायच्या दांड्या यांवरच ठरते.