काजळीची चामखीळ

मंडळी, आजचा विषय जरा संकोचाचा आहे. लेकीसुना, नातवंडं हे लेखन वाचतात हे ठाऊक असूनही लिहितो आहे, कारण या रोगात संकोचानेच फार घात केला आहे.

अठराव्या शतकातलं लंडन डोळ्यांसमोर आणा. घरोघरी दगडी कोळसा जळायचा आणि वर अरुंद, वळणावळणाची धुराडी. मोठा माणूस त्यात मावत नसे, म्हणून गरिबाघरची पाच-सहा वर्षांची पोरं आत चढवत, पुष्कळदा उघड्या अंगानं. आपल्याकडे मूल बाराखडी गिरवतं ते हे वय! घामात कालवलेली काजळी अंडकोशाच्या सुरकुत्यांत बसून राही. अंघोळीचं नाव नको.

ही पोरं मोठी झाली की काहींच्या अंडकोशाच्या खालच्या बाजूला उंच, कठीण कडांचा दुखरा व्रण होई. धंद्यातले लोक त्याला 'काजळीची चामखीळ' म्हणत. जागा अशी, की रोगी आणि वैद्य दोघंही तो गुप्तरोग समजत आणि पारा देत. पाऱ्यानं व्रण आणखी चिडे.

१७७५ साली सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयाचे शल्यविशारद पर्सिव्हल पॉट यांनी एका छोट्या टिपणात सांगितलं, की हा बदफैलीचा रोग नव्हे, हा काजळीमुळे होणारा कर्करोग आहे. धंद्याशी कर्करोगाचं नातं जोडणारी ही पहिली ठळक नोंद मानतात. उपाय एकच, व्रण लहान असतानाच कापून काढणं. वृषणापर्यंत पोचल्यावर तेही काढलं, तरी माणूस क्वचितच वाचे. आणि हे सगळं भुलीशिवाय! ईथरची भूल जगाला दिसली ती १८४६ साली.

निदान झालं, पण पोरं धुराड्यातच राहिली. १७८८ च्या कायद्यानं आठ वर्षांखालील मुलं ठेवायला बंदी केली, १८४० च्या कायद्यानं एकविसाखालील कोणी आत चढू नये असं ठरवलं, आणि दोन्ही सर्रास मोडले गेले. १८७५ साली पोलिसांचा परवाना सक्तीचा झाला, तेव्हा कुठे ही प्रथा थांबली. टिपणाला तोवर शंभर वर्षं झाली होती!

१८९२ मध्ये हेन्री बटलिन यांनी दाखवलं, की युरोपातल्या इतर देशांत अंगभर कपडे घालणाऱ्या आणि नीट अंघोळ करणाऱ्या कामगारांत हा रोग फारसा नाही. १९१५ साली जपानमध्ये यामागिवा आणि इचिकावा यांनी सशांच्या कानांना डांबर चोळून कर्करोग निर्माण केला, आणि पॉट यांच्या म्हणण्याला प्रयोगाचा आधार मिळाला.

धुराड्यांतली पोरं गेली, पण या जागेचे कर्करोग संपले नाहीत. त्यातला एक दुर्मीळ प्रकार फसवा आहे. पॉट यांच्याच रुग्णालयातले जेम्स पॅजेट यांनी १८७४ मध्ये स्तनाग्राभोवती दिसणारा, इसबासारखा भासणारा रोग वर्णिला. १८८९ मध्ये रॅडक्लिफ क्रॉकर यांनी तोच पुरुषाच्या शिस्नावर आणि अंडकोशावर दाखवला. बहुधा उतारवयात येणारा, लालसर, खाजरा, ओलसर चट्टा. माणूस त्याला गजकर्ण समजून मलम लावत राहतो, कधी कधी वर्षानुवर्षं.

निदान होतं ते कातडीचा लहानसा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर, म्हणजे बायॉप्सीनं. शस्त्रक्रिया करताना कडाही तपासाव्या लागतात, कारण रोगाच्या पेशी दिसणाऱ्या चट्ट्याच्या पलीकडे पसरलेल्या असतात. मूत्राशय, प्रोस्टेट, गुदाशय इथे दुसरा कर्करोग नाही ना, तेही पाहतात. वेळेवर सापडला, कातडीच्या वरच्या थरातच असला, तर माणूस बहुधा बरा होतो.

म्हणून माझ्या वयाच्या मित्रांनो, जांघेतला चट्टा महिना-दीड महिना मलम लावून जात नसेल, तर औषधाच्या दुकानातून दुसरी ट्यूब आणू नका. कातडीच्या डॉक्टरांना दाखवा आणि बायॉप्सीचं स्वतःहून विचारा. आणि सुनांनो, सासरे तुम्हाला हे सांगणार नाहीत. तेव्हा हा मजकूर मुलाकरवी त्यांच्या हाती द्या.